गोडाची ओढ : प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

9 जून 2025

दिवाळीच्या आधी चिपळुणात 'गोडाची ओढ' या विषयावर मराठी फलकांचे प्रदर्शन भरवायचे, असे आज प्राणिशास्त्र विभागाच्या बैठकीत निश्चित झाले. मजकूर मी लिहायचा, चित्रे आणि आकृत्या पदवीच्या विद्यार्थ्यांनी काढायच्या, आणि प्रदर्शन संपल्यावर फलक तालुक्यातल्या शाळांना व दवाखान्यांना फिरते द्यायचे, अशी वाटणी झाली आहे.

साखर किती खावी, हे सांगणारे साहित्य भरपूर उपलब्ध आहे. अन्नात वरून घातलेल्या साखरेतून आणि मध, फळांचा रस यांसारख्या मोकळ्या शर्करांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत, शक्य तर 5 टक्क्यांच्या आत असावी, ही जागतिक आरोग्य संघटनेची 2015 सालची सूचना एका कोपऱ्यात येईल. आपल्याला मात्र त्याच्या आधीचा प्रश्न मांडायचा आहे. साखर हवीशी वाटणे ही क्रिया शरीरात नेमकी कुठे घडते? मधुमेह झालेल्या माणसाला घरातली सगळी माणसे येता-जाता 'जिभेवर ताबा ठेवा' असे बजावतात, आणि तोही मान खाली घालून ते ऐकून घेतो. गेल्या तीस-पस्तीस वर्षांचे संशोधन वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की या सगळ्या व्यवहारात जिभेचा वाटा लहान असून आतडे, यकृत, चरबीच्या पेशी आणि मेंदू यांचा वाटा फार मोठा आहे. हेच या प्रदर्शनाचे म्हणणे राहील.

14 जून 2025

पहिला फलक जिभेचा. गोड चव ओळखणारे ग्राही, म्हणजे पदार्थ ओळखणारी पेशीवरची रचना, टी-वन-आर-टू आणि टी-वन-आर-थ्री अशा दोन प्रथिनांच्या जोडीने बनते, हे 2001 च्या सुमारास अनेक प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवून दिले. साखर आणि सॅकरिन, सुक्रालोज यांसारखी कृत्रिम गोडके हे रासायनिकदृष्ट्या एकमेकांपासून अगदी भिन्न पदार्थ असूनही सगळे गोड लागतात, कारण ते सगळे याच एका जोडीला जाऊन भिडतात.

मुलांसाठी मांजराचे उदाहरण घेतले. मांजराच्या कुळात टी-वन-आर-टूचे जनुक निकामी झालेले आहे, हे फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील संशोधकांनी 2005 मध्ये सिद्ध केले. मांजर बासुंदीच्या वाटीला तोंड लावते ते दुधासाठी आणि स्निग्धांशासाठी, त्यातल्या साखरेचा तिला पत्ताच नसतो. चित्र काढणाऱ्या विद्यार्थिनीने वाटी, मांजर आणि बंद कुलूप असे रेखाटन आणले आहे. ते उत्तम असून तसेच ठेवायचे.

21 जून 2025

संप्रेरकांच्या फलकांपैकी लेप्टिनला सर्वांत जास्त जागा द्यावी लागेल, कारण भूक ही केवळ मनाची सवय नसून रक्तातून वाहणाऱ्या निरोपांवर चालते, हे लेप्टिनच्या इतिहासाइतके स्वच्छ दुसरे काही सांगत नाही.

अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत 1949 साली उंदरांच्या एका वंशात अतोनात लठ्ठ पिल्ले जन्माला आली. पुढे त्याच प्रयोगशाळेत लठ्ठपणा आणि मधुमेह असलेला आणखी एक वंश सापडला. डग्लस कोलमन यांनी दोन उंदरांचे रक्ताभिसरण शस्त्रक्रियेने जोडण्याचे प्रयोग केले. दुसऱ्या वंशातला उंदीर निरोगी उंदराला जोडला की निरोगी उंदीर खाणेच सोडून देई आणि उपासमारीने मरे. तोच उंदीर पहिल्या वंशातल्या लठ्ठ उंदराला जोडला तर तो लठ्ठ उंदीरही खाणे सोडून मरे. यावरून कोलमन यांनी तर्क मांडला की 'आता पुरे' असे सांगणारा काही पदार्थ रक्तात असला पाहिजे. पहिल्या वंशात तो पदार्थच तयार होत नाही, आणि दुसऱ्या वंशात तो भरपूर असूनही त्याचा निरोप ऐकणारी यंत्रणा बिघडलेली आहे. तो पदार्थ कोणता, हे कळायला 1994 साल उजाडावे लागले. रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने ते जनुक शोधले. चरबीच्या पेशींत तयार होणाऱ्या या संप्रेरकाला लेप्टिन हे नाव मिळाले, आणि कोलमन यांचा तर्क अक्षरशः खरा ठरला.

ओढीच्या दृष्टीने पाहता याच्या पुढचा भाग अधिक मोलाचा आहे. 1997 मध्ये केंब्रिजच्या स्टीफन ओ'राहिली आणि सदफ फारुकी यांच्या गटाने जन्मतःच लेप्टिन नसलेली दोन मुले नोंदवली. ती दोघे एकमेकांची सख्खी नव्हे, नात्यातली भावंडे लागत होती आणि त्यांचे कुटुंब मूळचे पाकिस्तानातले होते. अशा मुलांची भूक भागतच नाही. लेप्टिनची इंजेक्शने सुरू झाली की ती भागू लागते. 2007 मध्ये याच गटाने लेप्टिन नसलेल्या दोन तरुण रुग्णांना खाद्यपदार्थांची चित्रे दाखवत त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. उपचारापूर्वी, नुकतेच पोटभर जेवण झालेले असतानाही, आवडत्या पदार्थाचे चित्र दिसताच त्यांच्या मेंदूतील न्यूक्लियस अकम्बन्स हा ओढीशी निगडित भाग उपाशी असल्यासारखा उजळत असे आणि पदार्थ हवासा वाटत असे. सात दिवस लेप्टिन दिल्यानंतर हा प्रतिसाद फक्त उपाशीपोटी उरला. चित्र तेच, माणूस तोच, पदार्थाची आवडही तीच. बदलले ते एका संप्रेरकाचे रक्तातील प्रमाण. हा प्रसंग फलकावर शक्य तितका सविस्तर द्यायचा, बाकीचा मजकूर त्यासाठी कमी करावा लागला तरी चालेल.

हे का घडते, याचे उत्तर 2006 मधल्या दोन अभ्यासांत आहे. डोपामीन हे ओढीशी निगडित रसायन तयार करणाऱ्या मध्यमेंदूतील पेशींवरच लेप्टिनची ग्राही प्रथिने असतात. उंदीरवर्गातील प्राण्यांमध्ये त्या भागातली ग्राही कमी केली की ते जास्त खातात आणि चविष्ट पदार्थांकडे अधिक ओढले जातात. म्हणजे चरबीचा साठा किती आहे ही बातमी हायपोथॅलॅमस या भूक सांभाळणाऱ्या मेंदूतल्या भागापाशी थांबत नाही, ती ओढीच्या यंत्रणेपर्यंत थेट पोहोचते.

एक खबरदारी मजकुरात घालणे आवश्यक आहे. सर्वसाधारण लठ्ठपणात लेप्टिन कमी नसते, उलट वाढलेले असते. मेंदू त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही. त्यामुळे लेप्टिनची इंजेक्शने हा लठ्ठपणावरचा सर्वसाधारण उपाय ठरला नाही. हे वाक्य ठळक अक्षरांत.

28 जून 2025

घ्रेलिन या भूक वाढवणाऱ्या संप्रेरकाचा फलक छोटा. 1999 मध्ये जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांनी ते उंदराच्या जठरातून वेगळे केले. जेवणाची वेळ जवळ आली की रक्तातले त्याचे प्रमाण वाढते आणि जेवणानंतर उतरते. मध्यमेंदूतील डोपामीनच्या पेशींना ते चेतवते, हे 2006 मध्ये दिसले. 2010 च्या एका अभ्यासात घ्रेलिन टोचलेल्या उंदरांनी साखरच नव्हे तर ऊर्जाशून्य सॅकरिनचे पाणीही जास्त प्यायले, म्हणजे घ्रेलिन गोडाची ओढ वाढवते तेव्हा तिला पोषणाचा हिशेब लागतोच असे नाही. दुपारचे जेवण चुकवून संध्याकाळी चहाबरोबर मिठाईच्या डब्याकडे हात जातो, त्या अनुभवाशी हा मुद्दा जोडता येईल. पण माणसाच्या बाबतीत तेवढेच एक कारण आहे असे सुचवायचे नाही.

इन्शुलिनबद्दल एकच परिच्छेद: ते फक्त स्नायूंना आणि यकृताला साखर घ्यायला लावते असे नाही, तर मेंदूतही पोहोचते आणि तेथे खाणे आवरते घेण्याच्या बाजूने काम करते.

5 जुलै 2025

आज डोपामीनच्या फलकावर सगळी सकाळ गेली. विद्यार्थ्यांनी इंटरनेटवरून गोळा केलेल्या बहुतेक मजकुरात डोपामीनला 'आनंदाचे रसायन' म्हटले आहे. हे विधान आपल्या प्रदर्शनात कोठेही येऊ द्यायचे नाही, आणि का येऊ द्यायचे नाही हे मुलांना आधी पटले पाहिजे, म्हणून सर्वांना बसवून तीन प्रयोग समजावून सांगितले.

पहिला मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज यांचा. उंदराच्या तोंडात साखरेच्या पाण्याचा थेंब पडला की तो जीभ बाहेर काढून ओठ चाटतो. कडू थेंब पडला की तोंड वासतो आणि डोके झटकतो. माणसाचे तान्हे मूलही काहीसे असेच करते. रसायन वापरून उंदराच्या मेंदूतले डोपामीन जवळजवळ संपूर्ण नष्ट केले, तर तो उंदीर स्वतःहून काही खात नाही. अन्न समोर असताना उपाशी राहतो. पण त्याच्या तोंडात साखरेचा थेंब सोडला की तो पूर्वीसारखाच ओठ चाटतो. गोडी त्याला कळते आहे, आवडतेही आहे. गेले आहे ते उठून अन्नाकडे जाण्याचे बळ. आवडणे आणि हवेसे वाटणे या मेंदूतल्या वेगवेगळ्या क्रिया आहेत, हा निष्कर्ष बेरिज यांनी यातून मांडला. आवडण्याचा संबंध प्रामुख्याने मेंदूतल्या अफूसदृश रसायनांशी येतो, आणि न्यूक्लियस अकम्बन्समधल्या, उंदरात जेमतेम एक घन मिलिमीटर भरणाऱ्या भागात तो विशेष दिसतो.

दुसरा सिअॅटलमधील रिचर्ड पामिटर यांचा. त्यांनी डोपामीन तयारच होणार नाही असे उंदीर घडवले. ही पिल्ले जन्मतः ठीक दिसतात, मग मंदावतात, खाणे-पिणे सोडतात आणि महिनाभराच्या आत मरतात. डोपामीनचे पूर्वरूप असलेले एल-डोपा टोचले की काही तास उठून खातात आणि औषध ओसरले की पुन्हा थांबतात. तरीही डोपामीन नसलेल्या अवस्थेत हे उंदीर साध्या पाण्यापेक्षा साखरेचे पाणी पसंत करतात, असे 2003 मध्ये दिसून आले.

तिसरा वोल्फ्राम शुल्ट्झ यांचा, माकडांवरचा. फळांच्या रसाचा थेंब अनपेक्षितपणे मिळाला की डोपामीनच्या पेशी जोराने संदेश सोडतात. रसाच्या आधी दरवेळी एक खूण दाखवली, तर काही काळाने त्या पेशी खूण दिसतानाच पेटतात आणि रस मिळताना शांत राहतात. खूण दाखवून रस दिलाच नाही, तर जेव्हा तो मिळायला हवा होता नेमक्या त्या क्षणी त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली जाते. या पेशी मोजतात तो आनंद नव्हे. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्यातला फरक त्या मोजतात, आणि त्या मोजणीवरून प्राणी शिकतो.

एका विद्यार्थ्याने विचारले, "मॅडम, म्हणजे मिठाईच्या दुकानावरून जाताना जे होतं, ते खाण्याच्या आधीच झालेलं असतं का?" प्रश्न इतका नेमका होता की फलकाची मध्यवर्ती आकृती त्यावरच बेतायची ठरवली: दुकानाची पाटी, तळणीचा वास, लाल दोऱ्याने बांधलेला खोका अशा खुणा डावीकडे, पहिला घास उजवीकडे, आणि डोपामीनची उसळी घासावरून सरकत सरकत डावीकडे पाटीपाशी गेलेली.

12 जुलै 2025

कॉलेजमागच्या टेकडीच्या उतारावर गुडमारची वेल पावसाने चांगली पालवली आहे. समोरासमोर लागलेली, किंचित लवदार पाने पाहून ओळख वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांकडून पक्की करून घेतली आणि मगच पाने प्रयोगशाळेत आणली.

प्रयोगाचा क्रम असा ठेवला. प्रत्येकाने आधी चिमूटभर साखर खाऊन पाहिली, पाण्याने चूळ भरली, मग धुतलेले पान बराच वेळ चावून त्याचा रस जिभेवर सगळीकडे फिरवला आणि चोथा थुंकून पुन्हा चूळ भरली. पान कडवट, तुरट लागते. त्यानंतर साखर तोंडात घातली तर ती जिभेवर वाळूसारखी खरखरते. दाणे जाणवतात, विरघळलेले कळतात, पण चव म्हणून काहीही उमटत नाही. गूळ दिला, तेव्हा त्याचा वास आणि मागचा हलका खारटपणा स्पष्ट लागला, गोडी मात्र नाही. मीठ आणि लिंबू नेहमीसारखे. वर्गातली बोलकी मुलेदेखील काही वेळ गप्प होऊन एकमेकांकडे पाहत राहिली. सुमारे अर्ध्या तासानंतर एकेकाची गोडी परतू लागली.

गुडमारमधील जिम्नेमिक आम्ले माणसाच्या टी-वन-आर-थ्री प्रथिनाला जाऊन चिकटतात, त्यामुळे हे घडते. उंदरावर या आम्लांचा असा परिणाम होत नाही. मात्र याच वेलीत गुरमारिन नावाचे एक छोटे प्रथिन असते, जे उंदीरवर्गात गोडी दडपते आणि माणसावर निष्प्रभ ठरते. प्राण्यांवरचा निष्कर्ष जसाच्या तसा माणसाला लावू नये, हे सांगण्यासाठी याहून बोलके उदाहरण मला आठवत नाही, म्हणून ते फलकावर घेतले आहे.

या प्रयोगाला प्रदर्शनात टेबल मिळाले पाहिजे. आतड्याचा फलक त्याच्या लगेच पुढे असावा, कारण गोडी न कळणाऱ्या जिभेचा अनुभव घेतल्यानंतरच प्रेक्षकाला पुढचा प्रश्न खऱ्या अर्थाने पडेल: आता जिभेला कळलेच नाही, तर शरीराला साखर कळेल का?

19 जुलै 2025

कळते, आणि फार चांगली कळते. या नोंदीतला मजकूर प्रदर्शनाचा गाभा आहे, म्हणून तो सावकाश लिहीत आहे.

ब्रुकलिन कॉलेजमधील अँथनी स्क्लाफानी यांनी 1980 च्या दशकापासून उंदरांना एका स्वादाचे पाणी पिताना नळीने थेट जठरात ग्लुकोज आणि दुसऱ्या स्वादाचे पाणी पिताना साधे पाणी सोडले. तोंडात साखर एकदाही आली नाही, तरी पुढे निवड करायची वेळ आल्यावर उंदीर ग्लुकोजशी जोडलेला स्वादच निवडू लागले.

2008 मध्ये ड्यूक विद्यापीठात इव्हान दे अरावझो आणि सहकाऱ्यांनी गोडी न कळणारे उंदीर घेतले. चवीचा निरोप पुढे नेणारे एक प्रथिन त्यांच्यात नव्हते. या उंदरांना साखरेचे पाणी आणि साधे पाणी यांत आरंभी काहीच फरक वाटत नसे. काही काळ दोन्ही पिऊन झाल्यावर मात्र ते साखरेच्या बाटलीकडे वळले, आणि त्यांच्या न्यूक्लियस अकम्बन्समध्ये डोपामीन वाढलेले आढळले. सुक्रालोजच्या बाबतीत असे काहीही घडले नाही.

मग 2020 मध्ये कोलंबिया विद्यापीठातील चार्ल्स झुकर यांच्या गटाने मार्गच उलगडून दाखवला. उंदरापुढे दोन बाटल्या ठेवल्या, एकीत साखर आणि दुसरीत तेवढेच गोड लागणारे कृत्रिम गोडक. सुरुवातीला उंदीर दोन्ही सारखेच पितो. दोन दिवसांत तो जवळजवळ फक्त साखरच पिऊ लागतो. लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशींवर ग्लुकोज आत घेणारे एसजीएलटी-1 हे प्रथिन असते. तेथून व्हेगस या आतड्याला मेंदूशी जोडणाऱ्या मज्जातंतूमार्गे मस्तिष्कस्तंभातल्या एका केंद्राकडे निरोप जातो. त्या केंद्रातल्या संबंधित पेशी बंद केल्या की उंदराला साखर आणि गोडक यांतला भेद शिकता येत नाही.

यातले दोन तपशील मला विशेष महत्त्वाचे वाटतात. ग्लुकोजसारखाच दिसणारा पण शरीरात जळून ऊर्जा न देणारा पदार्थ दिला, तरीही हे केंद्र जागे होते; म्हणजे हा निरोप ऊर्जेचा नसून ग्लुकोजच्या ओळखीचा आहे. दुसरे म्हणजे फ्रुक्टोज या फळांतल्या शर्करेने ते जागे होत नाही, कारण फ्रुक्टोज या दाराने आत येत नाही. ड्यूकमधील दिएगो बोहोर्केझ यांच्या गटाने 2018 मध्ये दाखवले की आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी व्हेगसच्या तंतूंशी थेट जोडलेल्या असतात. त्यामुळे साखरेचा निरोप संप्रेरकांच्या संथ वाटेवर अवलंबून न राहता तत्काळ मेंदूकडे जातो.

जीभ आवडीचा कौल देते. ती चव पुन्हा शोधत जायला मेंदूला शिकवते ते आतडे. गोडक घातलेला चहा गोड लागूनही काहींना 'काहीतरी कमी' वाटतो, त्याचे एक संभाव्य कारण येथे आहे. मात्र हे बहुतेक काम उंदरांवरचे असून माणसांवरचे परिणाम इतके ठाशीव नाहीत, म्हणून फलकावर 'संभाव्य' हा शब्द राहीलच. मधुमेही व्यक्तीने गोडक वापरू नये असा अर्थ कोणीही काढता कामा नये. त्यासाठी खाली स्वतंत्र चौकट द्यावी.

2 ऑगस्ट 2025

यकृताचा फलक. साखर खाल्ल्यावर यकृतातून एफजीएफ-21 हे संप्रेरक रक्तात येते. ते मेंदूपर्यंत जाऊन विशेषतः गोडाची इच्छा कमी करते, हे 2016 मध्ये दोन गटांनी एकाच वेळी प्रसिद्ध केले. हे संप्रेरक नसलेले उंदीर जास्त साखर खातात. ते टोचले तर साखर कमी होते, पण प्रथिने आणि स्निग्ध पदार्थांचे खाणे तसे घटत नाही. डेन्मार्कमधील साडेसहा हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवरून 2017 मध्ये असे दिसले की या जनुकाची विशिष्ट रूपे असलेल्या व्यक्ती गोड पदार्थ सर्वाधिक खाणाऱ्यांच्या गटात असण्याची शक्यता सुमारे 20 टक्क्यांनी जास्त असते.

हा वाटा लहान आहे, तरी मला तो दाखवायचा आहे. एकाच घरात, एकाच ताटावर वाढलेल्या दोन भावंडांपैकी एकाला श्रीखंडाची वाटी पुरे होते आणि दुसऱ्याला होत नाही, तेव्हा दुसऱ्याला अधाशी ठरवण्यापूर्वी हे वाचलेले बरे.

10 ऑगस्ट 2025

मधुमेही ज्येष्ठांच्या एका स्थानिक गटापुढे आज कच्चे फलक वाचून दाखवले. नुकतीच नारळी पौर्णिमा झाल्यामुळे बोलणे आपोआप नारळीभातावर गेले. एक आजी म्हणाल्या, "अगो, जेवण होऊन पोट तट्ट भरलेलं असतं. भाताचा एक घास पुढे केलास तर नको म्हणेन. पण नारळीभात आला की जागा होतेच. ती कुठून होते, ते लिही." बाकी सगळ्यांनी माना डोलावल्या.

या प्रश्नाचे निम्मे उत्तर जुने आहे: एका चवीचा कंटाळा आला तरी वेगळ्या चवीची इच्छा शाबूत राहते, हे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोगांनी दाखवले होते. दुसरे निम्मे उत्तर याच वर्षी फेब्रुवारीत 'सायन्स'मध्ये आले आहे. जर्मनीतील कोलोन येथील माक्स प्लांक चयापचय संशोधन संस्थेत हेनिंग फेन्सेलाऊ यांच्या गटाने पोट भरलेल्या उंदरांपुढे साखर ठेवली. हायपोथॅलॅमसमधील ज्या पॉम्क पेशी 'पोट भरले' असा निरोप देतात, त्याच पेशी साखरेच्या वेळी बीटा-एन्डॉर्फिन हे शरीराचे स्वतःचे अफूसदृश रसायन थॅलॅमसच्या एका भागात सोडतात आणि खाण्याला पुन्हा वाट करून देतात. हा मार्ग रोखला की पोट भरलेले उंदीर साखर नाकारतात. उपाशी उंदरांवर मात्र त्याचा काही परिणाम होत नाही. साखर नुसती समोर दिसली तरी या मार्गाची हालचाल सुरू होते. स्वयंसेवकांना नळीतून साखरेचे पाणी देऊन घेतलेल्या स्कॅनमध्ये माणसाच्या मेंदूतील तोच भाग प्रतिसाद देताना आढळला.

तृप्तीची सूचना देणारी पेशीच गोडाला दार उघडते, ही गोष्ट मला या संपूर्ण विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. आजींचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत, नाव न देता, फलकाचे शीर्षक म्हणून घेण्याची परवानगी त्यांनी दिली आहे.

23 ऑगस्ट 2025

'साखर हे व्यसन आहे का' हा फलक ठेवावा की नाही, यावर आज बराच वाद झाला. ठेवायचा, असे शेवटी ठरले, कारण हा प्रश्न प्रेक्षक विचारणारच आहेत.

प्रिन्स्टन विद्यापीठात बार्ट होबेल आणि सहकाऱ्यांनी उंदरांना रोज बारा तास उपाशी ठेवून मग बारा तास साखरेचे पाणी आणि नेहमीचे अन्न दिले. काही आठवड्यांत ते साखरेवर तुटून पडू लागले. अफूसदृश रसायनांचा परिणाम रोखणारे औषध दिल्यावर त्यांच्यात दात वाजणे यांसारखी व्यसन तुटल्याची लक्षणे दिसली. रोज साखर पिताना डोपामीनची उसळी ओसरली नाही, एरवी सवयीच्या अन्नाबाबत ती ओसरते. पण हीच साखर चोवीस तास उपलब्ध ठेवलेल्या उंदरांत असे चित्र दिसले नाही. 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी सगळा पुरावा तपासून नेमके यावरच बोट ठेवले: व्यसनासारखे वर्तन उपासमार आणि साखर यांच्या आलटून-पालटून येण्यातून उपजते, केवळ साखरेच्या रासायनिक गुणातून नव्हे. मानसिक विकारांच्या अमेरिकन वर्गीकरणातही साखरेच्या व्यसनाचा समावेश नाही.

त्यामुळे 'साखर म्हणजे अफू' असे आम्ही लिहिणार नाही, आणि 'हे सगळे मनाचे खेळ आहेत' असेही लिहिणार नाही. कडकडीत उपास आणि त्यानंतर गोडावर ताव, ही जोडी धोक्याची आहे, एवढे या प्रयोगांवरून सावधपणे म्हणता येते. कोलोनमध्येच झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा येथे उपयोग होईल. निरोगी वजनाच्या लोकांना आठ आठवडे नेहमीच्या आहाराबरोबर साखर आणि स्निग्धांश भरपूर असलेला छोटा पदार्थ रोज देण्यात आला. वजनात लक्षणीय फरक पडला नाही, तरी गोड-स्निग्ध पेयाला त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद वाढला आणि कमी स्निग्धांशाच्या पदार्थांची आवड घटली. सवय मेंदूत रुजायला वजन वाढण्याची वाट पाहावी लागत नाही.

13 सप्टेंबर 2025

जीएलपी-1 चा फलक गौरी-गणपतीनंतर पूर्ण झाला. जेवणानंतर आतड्यातून स्रवणारे हे संप्रेरक रक्तात दोन-एक मिनिटांतच निम्मे नष्ट होते, त्यामुळे औषध म्हणून ते जसेच्या तसे निरुपयोगी होते. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील वाळवंटात राहणाऱ्या गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात जॉन एंग यांना 1992 मध्ये त्याच्यासारखाच, पण टिकाऊ रेणू सापडला. त्यावरून बनलेले औषध 2005 मध्ये मधुमेहासाठी मंजूर झाले. याच प्रकारच्या आजच्या सेमाग्लुटाइड या औषधाचे इंजेक्शन आठवड्यातून एकदा टोचावे लागते. भारतात वजन कमी करण्यासाठीची ही इंजेक्शने याच वर्षी दाखल झाल्यामुळे लोक त्यांबद्दल विचारतात.

आपल्याला त्यातला एकच पैलू हवा आहे. जीएलपी-1 ची ग्राही डोपामीनच्या मार्गातही आहेत, आणि तेथे थेट औषध सोडलेले उंदीर साखर कमी घेतात. ही औषधे घेणारे अनेक रुग्ण सांगतात की मनात दिवसभर चालणारा खाण्याचा विचार थांबला. पदार्थ समोर असतो, त्याची चव ठाऊक असते, पण तो खुणावत नाही. बेरिज यांच्या उंदरांचा फलक वाचलेल्या प्रेक्षकाला हे वर्णन ओळखीचे वाटेल, म्हणून दोन्ही फलक समोरासमोरच्या भिंतींवर लावायचे. औषधांची नावे, मात्रा आणि किमती यांपैकी काहीही फलकावर असणार नाही. तो डॉक्टरांचा विषय आहे.

27 सप्टेंबर 2025

फलक छपाईला गेले. वाचनाच्या शेवटच्या फेरीत 'मोह', 'लोभ', 'अधाशीपणा' हे शब्द जिथे जिथे शिरले होते तेथून काढून 'ओढ' हा एकच शब्द सर्वत्र ठेवला.

गुडमारच्या टेबलासाठी नियम लिहून दिले आहेत. पाने त्याच सकाळी खुडलेली आणि धुतलेली असावीत, रस गिळू नये, आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांना पान देऊ नये, कारण गुडमार रक्तातील साखरेवरही परिणाम करू शकते आणि औषधांच्या जोडीने ती फार खाली जाण्याचा धोका असतो. अशा प्रेक्षकांसाठी टेबलाशेजारी विद्यार्थी स्वतः पान चावून अनुभव सांगतील. चुळीच्या पाण्याची आणि चोथा टाकण्याच्या भांड्यांची जबाबदारी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाने घेतली आहे. प्रदर्शनानंतर पहिला संच ज्येष्ठांच्या त्याच गटाकडे जाईल. नारळीभाताचा फलक त्यांनी आधीच मागून ठेवला आहे.